आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत छंद आणि फावल्या वेळाबद्दल कसं बोलावं

‘माझा आवडता छंद’ हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलेला आहे. त्यातले छंद ठरलेले असायचे. वाचन, बागकाम, पोस्टाची तिकिटं जमवणं. घरात एकही कुंडी नसलेली मुलं बागकामावर दोन पानं लिहायची, आणि त्यांना दहापैकी आठ मार्क मिळायचे. ती सवय आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशात शिकायला किंवा काम करायला जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, खोलीपर्यंत आपल्यासोबत येते आणि तिथे मात्र नडते.

मी संध्याकाळच्या बॅचला इंग्रजी बोलायला शिकवते. मागे एका मुलाची सराव मुलाखत घेत होते. विचारलं, “व्हॉट डू यू डू इन युअर फ्री टाइम?” उत्तर आलं, “माय हॉबी इज रीडिंग बुक्स.” पुढचा प्रश्न साधाच होता, “व्हॉट आर यू रीडिंग ॲट द मोमेंट?” तो गप्प. खोटं पकडलं गेल्यासारखा खाली बघत बसला. नंतर चहा घेताना मराठीत विचारलं, “खरं सांग, संध्याकाळी करतोस काय?” म्हणाला, “काही नाही मॅडम, ढोल पथकात असतो. आता सराव सुरू झालाय.” आणि मग पंधरा मिनिटं थांबेना. टिपरू कसं धरायचं, पहिल्या आठवड्यात हाताला फोड कसे येतात, ताशा चुकला की सगळं पथक कसं ढासळतं. इतकं सांगण्यासारखं असताना या मुलानं परीक्षेसाठी वाचन निवडलं होतं, कारण ढोल वाजवणं हा ‘छंद’ आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. यातली इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मनात वाचू नका, तोंडाने म्हणा.

आधी परीक्षा समजून घ्या

बोलण्याची परीक्षा एकूण ११ ते १४ मिनिटांची असते. आयईएलटीएसचे अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार आहेत, दोन्हींसाठी ती सारखीच. समोर एक परीक्षक असतो, काही केंद्रांवर तो व्हिडिओ कॉलवर असतो, आणि सगळं संभाषण रेकॉर्ड होतं.

तिचे तीन भाग आहेत. पहिला भाग ४ ते ५ मिनिटांचा. त्यात तुमचं घर, काम किंवा शिक्षण, आवडीनिवडी अशा ओळखीच्या गोष्टींवर छोटे प्रश्न येतात. दुसऱ्या भागात एक कार्ड हातात मिळतं, त्यावर विषय आणि तीन-चार मुद्दे छापलेले असतात. तयारीला १ मिनिट, मग १ ते २ मिनिटं तुम्ही एकट्याने बोलायचं. तिसरा भाग पुन्हा ४ ते ५ मिनिटांचा. त्यात दुसऱ्या भागाच्या विषयाशी जोडलेले, पण समाजाबद्दलचे व्यापक प्रश्न असतात.

गुण चार गोष्टींना मिळतात आणि चौघींचं वजन सारखं आहे: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. या यादीत ‘छंदाची उंची’ कुठेही नाही. बुद्धिबळाला जास्त आणि गोट्यांना कमी, असं काही नसतं. तुम्ही सांगता ते खरं की खोटं हेही परीक्षक तपासत नाही. मग खरंच का सांगायचं? कारण खोट्या छंदाचे तपशील जागेवर रचावे लागतात, ते रचताना शब्द अडतात, आणि अडखळलेल्या बोलण्याचे गुण जातात. खऱ्या गोष्टीचे तपशील तुमच्याकडे आधीच असतात, फक्त इंग्रजी शोधायची असते.

पहिली पायरी: छंद आधी मराठीत शोधा

‘हॉबी’ हा एकच शब्द डोक्यात धरला की माणूस अडतो. आपल्या भाषेत याच घरातले कितीतरी शब्द आहेत, आणि प्रत्येकाची छटा वेगळी. छंद म्हणजे ठरवून जोपासलेली गोष्ट. नाद म्हणजे लागलेली, सुटता न सुटणारी. हौस म्हणजे मिळकतीचा विचार न करता मनापासून केलेली. विरंगुळा म्हणजे दमल्यावर मन हलकं करणारी. एक कागद घ्या आणि मराठीतच लिहा: मला नाद कशाचा आहे? हौस कशाची आहे? विरंगुळा कशात मिळतो?

आता उत्तरं वेगळी येतील. जुन्या बाईकची इंजिनं खोलून बघणं. रविवारी सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी खाणं. दारात रोज नवी रांगोळी काढणं. रात्री भावंडांबरोबर कॅरम. जुनी हिंदी गाणी लावून स्वयंपाक करणं. यातलं प्रत्येक उत्तर परीक्षेला चालतं.

गंमत म्हणजे या छटांना इंग्रजीतही नेमके प्रयोग आहेत. नाद लागला, तर ‘आय गॉट हूक्ड ऑन इट’. भावामुळे लागला, तर ‘आय गॉट इन्टू इट थ्रू माय ब्रदर’. हौसेनं करता, तर ‘आय डू इट जस्ट फॉर द लव्ह ऑफ इट’. विरंगुळा असेल, तर ‘इट हेल्प्स मी अनवाइंड’. हात बसला, तर ‘आय गॉट द हँग ऑफ इट’. वेळेचं भान राहत नाही, तर ‘आय लूझ ट्रॅक ऑफ टाइम’. हे पाच-सहा प्रयोग अगदी तुमचे झाले तरी पुष्कळ आहे. क्लासच्या वह्यांमध्ये पन्नास वाक्प्रचारांच्या याद्या फिरत असतात, त्यातलं ‘वन्स इन अ ब्लू मून’ जो तो कोंबतो. परीक्षकानं ते त्या दिवशी कदाचित चौथ्यांदा ऐकलेलं असतं. वाक्प्रचार जागेवर बसला तरच त्याची किंमत होते.

प्रत्येक छंदाखाली आणखी चार गोष्टी लिहा: सुरुवात कशी झाली, कुठे आणि कुणाबरोबर करता, त्यातली एक अवघड गोष्ट, आणि एक ठरावीक दिवस जो आठवतो. तुमची खरी तयारी या कागदावर आहे. पाठ केलेली उत्तरं नकोत. घोकलेलं वाक्य लगेच ओळखू येतं, कारण त्याचा सूर सपाट असतो आणि पुढचा प्रश्न आला की इंग्रजी एकदम दोन पायऱ्या खाली उतरते.

दुसरी पायरी: पहिल्या भागात तीन वाक्यांचं उत्तर

पहिल्या भागात एकशब्दी उत्तर कमी पडतं आणि दोन मिनिटांचं भाषण जास्त होतं. उत्तर, तपशील, कारण किंवा अपवाद, इतकं पुरे. प्रश्न असा येईल: “व्हॉट डू यू यूझ्वली डू ऑन वीकेंड्स?”

कच्चं उत्तर: “ऑन वीकेंड आय अ‍ॅम गोइंग फॉर ट्रेकिंग. आय लाइक व्हेरी मच.”

सुधारलेलं: “इफ इट्स नॉट टू हॉट, आय गो ट्रेकिंग विथ टू फ्रेंड्स फ्रॉम कॉलेज. वुई यूझ्वली पिक अ हिल फोर्ट निअर पुणे अँड स्टार्ट बिफोर सनराइज. बट इफ आय हॅव अ डेडलाइन, आय जस्ट स्टे होम अँड कॅच अप ऑन स्लीप.”

दुसऱ्या उत्तरात एकही अवघड शब्द नाही. पण ‘इफ’ दोनदा आलं, ‘यूझ्वली’ आलं, ‘बट’नं अपवाद आला. व्याकरणाची विविधता म्हणतात ती अशी साध्या बोलण्यातून दिसते.

“मला फावला वेळच मिळत नाही,” असं सांगणारेही खूप असतात, विशेषतः ड्युटी करणाऱ्या नर्स. ब्रिटनमध्ये काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला बोलण्यात ७ बँड, म्हणजे ९ पैकी ७ गुण, लागतो, म्हणून त्या थकून-भागून तयारी करत असतात. त्यांना मी सांगते, हेच उत्तर म्हणून द्या: “ऑनेस्टली, आय डोन्ट गेट मच फ्री टाइम बिकॉज आय वर्क शिफ्ट्स. बट आफ्टर अ नाइट ड्युटी आय सिट ऑन द बाल्कनी विथ अ कप ऑफ टी फॉर हाफ अ‍ॅन अवर, अँड दॅट्स माय टाइम.” हे वाक्य एका नर्सचंच आहे. ती ते म्हणाली तेव्हा तिचा आवाजही बदलला होता.

प्रश्न कळला नाही तर न घाबरता म्हणा, “सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?” पहिल्या भागात परीक्षक प्रश्न पुन्हा म्हणू शकतो, पण समजावून सांगत बसत नाही. तिसऱ्या भागात तो वेगळ्या शब्दांतही विचारू शकतो. एखाद-दोन वेळा विचारल्याने काही बिघडत नाही.

तिसरी पायरी: मराठीतला काळ इंग्रजीत न्या

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. छंदाबद्दल बोलताना तीन काळ हटकून लागतात: नेहमी करतो ते, पूर्वी करायचो ते, आणि तेव्हापासून आजवर करत आलोय ते. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात यांची नावं ऐकूनच मुलं दबतात. पण हे तिन्ही भेद मराठीत आपण रोज, एकही चूक न करता बोलतो.

‘मी क्रिकेट खेळतो’ आणि ‘मी क्रिकेट खेळतोय’ यांत फरक आहे ना? आईने फोनवर विचारलं “काय करतोस?” तर मैदानावरून आपण ‘खेळतोय’ म्हणतो. छंद विचारला तर ‘खेळतो’. इंग्रजीतही तसंच. छंदाला ‘आय प्ले’, या क्षणाला किंवा या दिवसांत चालू असलेल्याला ‘आय अ‍ॅम प्लेइंग’. तरी आपल्याकडे ‘आय अ‍ॅम प्लेइंग क्रिकेट एव्हरी संडे’ सर्रास ऐकू येतं. शंका आली की मराठी वाक्य मनात म्हणा. ‘मी दर रविवारी खेळतोय’ कानाला खटकतं. मग इंग्रजीतही ते खटकायला हवं. उलट, सध्या एखादी कादंबरी वाचायला घेतली असेल तर ‘वाचतोय’ बरोबर, आणि ‘आय अ‍ॅम रीडिंग अ नॉव्हेल ॲट द मोमेंट’ही बरोबर.

‘लहानपणी आम्ही गच्चीवर पतंग उडवायचो.’ हा ‘उडवायचो’ म्हणजे इंग्रजीतला ‘यूज्ड टू’. म्हणायचा मात्र ‘यूस टू’ असा, मधला ड गिळून. “व्हेन आय वॉज अ चाइल्ड, वुई यूस टू फ्लाय काइट्स फ्रॉम द टेरेस.” ‘-यचो, -यचे, -यच्या’ आलं की ‘यूज्ड टू’. हे एकदा डोक्यात बसलं की “डिड यू हॅव एनी हॉबीज ॲज अ चाइल्ड?” हा प्रश्न सोपा होऊन जातो. एक अडचण आहे: ‘आय यूज्ड टू’ मध्ये ‘आता नाही’ असा अर्थ येतो. अजूनही पतंग उडवत असाल तर ते वेगळं सांगावं लागेल, ‘अँड आय स्टिल डू’.

तिसरा काळ म्हणजे ‘मी सातवीपासून हार्मोनियम वाजवत आलोय’. हा ‘वाजवत आलोय’ म्हणजेच ‘हॅव बीन प्लेइंग’. “आय हॅव बीन प्लेइंग द हार्मोनियम सिन्स आय वॉज ट्वेल्व्ह.” इथे ‘फ्रॉम चाइल्डहुड आय अ‍ॅम प्लेइंग’ ही चूक इतकी रुळली आहे की ती ऐकल्यावर आपल्याला चूक वाटतच नाही. सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’, एकूण काळ असेल तर ‘फॉर’: ‘सिन्स २०१८’, ‘फॉर सिक्स इयर्स’.

हे तीन काळ एका उत्तरात गुंफता येतात: करायचो, मग सुटलं, आता पुन्हा करत आलोय. “आय यूज्ड टू ड्रॉ अ लॉट ॲट स्कूल, देन आय गेव्ह इट अप फॉर माय बोर्ड एक्झाम्स, अँड आय हॅव बीन ट्राइंग टू गेट बॅक इन्टू इट सिन्स लास्ट इयर.” दहावी-बारावीनं कुणाचा ना कुणाचा छंद सोडवलेला असतोच. आपल्या पिढ्यांची ही खरी गोष्ट आहे, ती सांगायला संकोच नको.

मराठी वाक्याच्या खुणा

काही चुका फक्त आपल्या वळणाच्या असतात. मराठीत “क्रिकेट आवडतं का?” विचारलं तर “हो, खूप आवडतं” पुरतं. काय आवडतं ते पुन्हा सांगावं लागत नाही. म्हणून आपण इंग्रजीत “यस, आय लाइक व्हेरी मच” म्हणतो आणि ‘इट’ गाळतो. ‘लाइक’, ‘एन्जॉय’, ‘लव्ह’ यांच्या मागे काहीतरी यायलाच हवं: “आय रिअली एन्जॉय इट.” ही एक चूक सुटली तरी बोलणं एकदम नीट वाटू लागतं.

‘रविवारीच’ मधला ‘च’ आपण ‘ऑन संडे ओन्ली’ असा शेपटीला लावतो. ‘ओन्ली ऑन संडेज’ म्हणा. ‘टाइमपास’ हा शब्द मला फार आवडतो, पण तो आपला आहे. परीक्षेत ‘जस्ट टू पास द टाइम’ म्हणा. ‘माय हॉबी इज टू रीडिंग’ नको, ‘आय लाइक रीडिंग’ पुरे. खेळाला ‘प्ले’ आणि आधी काही नाही: ‘प्ले कबड्डी’. वाद्याला ‘प्ले’ आणि ‘द’: ‘प्ले द तबला’. पोहणं, चढणं, सायकल चालवणं यांना ‘गो’: ‘गो स्विमिंग’, ‘गो सायकलिंग’. योगासनं, व्यायाम यांना ‘डू’.

चौथी पायरी: कार्ड आणि एक मिनिट

कार्डावर साधारण असं काहीतरी असतं: फावल्या वेळात तुम्हाला आवडणाऱ्या एका गोष्टीचं वर्णन करा, ती कोणती, कुठे व कुणाबरोबर करता, किती वेळा करता, आणि ती का आवडते ते सांगा. कागद-पेन्सिल मिळते. तुमची टिपणं कुणी तपासत नाही. म्हणून वाक्यं लिहू नका, एका मिनिटात दोन वाक्यं लिहून होतील आणि मग तीच वाचाविशी वाटतील. फक्त शब्द लिहा. तेही शक्यतो इंग्रजीत, म्हणजे बोलताना मध्येच भाषांतर करावं लागणार नाही.

त्या ढोलवाल्या मुलाचं टिपण आम्ही असं केलं होतं: जून, रिव्हर, सिक्स्टी पीपल. पहिला दिवस, राँग बीट. ब्लिस्टर्स. विसर्जन, होल डे. ऑफिस, हेड क्लिअर. बस, इतकंच.

आणि तो बोलला ते असं सुरू झालं: “आय वुड लाइक टू टॉक अबाउट प्लेइंग द ढोल, विच इज अ बिग ड्रम यू हँग फ्रॉम युअर वेस्ट. यू हिट वन साइड विथ अ स्टिक अँड द अदर विथ युअर हँड. आय प्ले इन अ ग्रुप ऑफ अबाउट सिक्स्टी पीपल, अँड वुई प्रॅक्टिस बाय द रिव्हर फ्रॉम जून टिल द गणेश फेस्टिव्हल. ऑन माय फर्स्ट डे आय केप्ट कमिंग इन टू अर्ली, अँड द लीडर मेड मी जस्ट लिसन फॉर अ होल वीक. आय हेटेड इट ॲट द टाइम, बट नाऊ आय थिंक ही वॉज राइट.”

शेवटची दोन वाक्यं बघा. इथे उत्तरात एक घटना आली, मत आलं, मत बदललेलंही आलं. बहुतेकांचं बोलणं चाळीस सेकंदांत संपतं ते यामुळेच, की ते फक्त कार्डावरच्या मुद्द्यांना एकेका वाक्यात उत्तर देतात. एक आठवलेला दिवस घातला की दीड मिनिट सहज भरतं. दोन मिनिटांना परीक्षक थांबवतो. मध्येच थांबवलं म्हणून गुण जात नाहीत, तेव्हा घाईने शेवट गुंडाळू नका.

परक्या माणसाला आपली गोष्ट समजावणं

रांगोळी, कबड्डी, दिवाळी अंक, किल्ला करणं हे परीक्षकाला माहीत असेल असं धरू नका. तो भारतीयच असला तरी मराठी असेलच असं नाही. मराठी शब्द खुशाल वापरा, पण लगेच एका वाक्यात उलगडा. त्यासाठी ‘इट्स अ काइंड ऑफ’ आणि ‘विच इज’ हे दोन सांधे पुरतात.

रांगोळी: “इट्स अ काइंड ऑफ पॅटर्न वुई मेक ऑन द ग्राउंड विथ कलर्ड पावडर.” दिवाळीचा किल्ला: “चिल्ड्रन इन महाराष्ट्र बिल्ड अ मॉडेल फोर्ट आउट ऑफ मड अँड स्टोन्स बिफोर दिवाली, अँड पुट लिटल क्ले सोल्जर्स ऑन इट.” दिवाळी अंक: “दे आर स्पेशल मॅगझिन्स, फुल ऑफ स्टोरीज अँड एसेज, दॅट कम आउट एव्हरी दिवाली.” त्याला जोडून सांगता येईल की ही परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून चालत आली आहे. वाचनाचा छंद खरोखर असेल तर ‘आय रीड बुक्स’पेक्षा हे कितीतरी वजनदार आहे. ट्रेकिंगवाल्यांनी कळसूबाईचं नाव घेतलं तर ‘द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र, ॲट १,६४६ मीटर्स’ एवढं जोडावं. आकडा आठवला नाही तर सोडून द्या, भूगोलाचे गुण नाहीत.

अशा उलगड्याचा फायदा दुहेरी आहे. ऐकणाऱ्याला कळतं, आणि शब्द माहीत नसताना वाट काढण्याचं तुमचं कौशल्य दिसतं. वरच्या बँडसाठी परीक्षक तेच शोधत असतो.

पाचवी पायरी: तिसऱ्या भागात ‘मी’कडून ‘लोकां’कडे

इथे प्रश्न बदलतात. पूर्वीपेक्षा आज लोकांना फावला वेळ कमी मिळतो का? मुलांच्या छंदांसाठी शाळेने वेळ द्यावा का? मोबाइलमुळे विरंगुळा बदलला का? या प्रश्नांना ‘आय लाइक’नं उत्तर देणं ही इथली मोठी चूक. आधी सर्वसाधारण विधान करा, मग उदाहरण द्या, मग दुसरी बाजू.

“आय थिंक पीपल इन सिटीज टेंड टू हॅव लेस फ्री टाइम, मेनली बिकॉज दे स्पेंड सो लाँग ट्रॅव्हलिंग. बट दे फाइंड वेज अराउंड इट. इन मुंबई, फॉर इन्स्टन्स, सम कम्यूटर्स सिंग भजन्स, विच आर डिव्होशनल साँग्ज, टुगेदर ऑन द लोकल ट्रेन. सो परहॅप्स लेझर हॅझन्ट डिसअपिअर्ड, इट हॅझ जस्ट मूव्ह्ड.”

लोकलमधल्या भजनी मंडळाचं हे उदाहरण मी विरारच्या बाजूच्या एका विद्यार्थिनीकडून उचललं. ती ते रोज ऐकत होती, पण हे परीक्षेत सांगायचं असतं हे तिला सुचलं नव्हतं. ‘टेंड टू’, ‘परहॅप्स’, ‘इट डिपेंड्स ऑन’ हे शब्द इथे कामाचे, कारण समाजाबद्दल बोलताना ठाम विधान क्वचितच पूर्ण खरं असतं. बायकांच्या फावल्या वेळाबद्दल प्रश्न आला तर स्वतःच्या आईचा किंवा आजीचा दिवस डोळ्यासमोर आणा, दोन मिनिटं कमी पडतील.

उच्चार

मराठी वळणाचा उच्चार असल्याबद्दल गुण कापत नाहीत. ऐकणाऱ्याला ताण न पडता कळलं पाहिजे, हे मोजतात. तेव्हा परदेशी सूर आणायचा प्रयत्न सोडून द्या आणि या विषयात वारंवार येणारे थोडे शब्द घोटा.

आपला व इंग्रजीतल्या दोन आवाजांच्या मधोमध आहे. ‘वीकेंड’, ‘वॉक’, ‘वॉच’ म्हणताना ओठ गोल करा, दात लागू देऊ नका. ‘व्हिलेज’, ‘व्हॉलीबॉल’, ‘व्हिडिओ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागलेच पाहिजेत. ‘फ्री’ आणि ‘फन’लाही तसेच दात लागतात, ‘फळ’मध्ये दोन्ही ओठ मिटतात तसे मिटू नका. ‘म्यूझिक’, ‘हॉबीज’ यांत मात्र आपण फायद्यात आहोत: ‘जेवण’मधला ज वेगळा आणि ‘जरा’मधला वेगळा, हा फरक आपल्या जिभेला जन्मापासून येतो. इथे ‘जरा’च्या जवळचा आवाज हवा. ‘लेझर’ म्हणजे फावला वेळ. त्यातला मधला आवाज ‘टेलिव्हिजन’मध्ये येतो तसा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटॉग्रफी’मध्ये दुसऱ्यावर. ‘इंटरेस्टिंग’ चार तुकड्यांत न तोडता तीन तुकड्यांत म्हणा, ‘इन्-ट्रस्-टिंग’.

सराव

रोज दहा मिनिटं, पण तोंडाने. मोबाइलवर टायमर लावा, एक मिनिट टिपणं, दोन मिनिटं बोलणं, आणि रेकॉर्ड करा. मग ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, हे सगळ्यांचंच होतं. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट शोधा: आज ‘इट’ किती वेळा गळलं, उद्या काळ किती ठिकाणी चुकले. त्याच विषयावर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला, पण कालचं रेकॉर्डिंग न ऐकता. वाक्यं वेगळी यायला हवीत. तीच आली तर तुम्ही पाठ करायला लागला आहात. मैत्रिणीला इंग्रजीत व्हॉइस मेसेज पाठवण्याची सवयही चांगली. समोर कुणीतरी आहे या भावनेनं माणूस नीट सांगतो.

आणि छंदाचा प्रश्नच आला नाही तर?

शक्य आहे. पहिल्या भागात तुम्हाला चालणं, फोटो, पाऊस, स्वयंपाक असं काहीही विचारलं जाईल, आणि कार्डावर ‘तुम्ही शिकलेलं एक कौशल्य’, ‘तुम्हाला मदत करणारी व्यक्ती’, ‘एक गर्दीची जागा’ असं काही असेल. तरी तो मराठीत लिहिलेला कागद वाया जात नाही. गडावर जाणारा माणूस सकाळ, मित्र, पाऊस, भीती, फोटो या सगळ्यांवर बोलू शकतो. रांगोळी काढणारी रंग, धीर, आजी आणि सण यांवर.

ढोलवाल्या मुलाला परीक्षेत छंद कुणी विचारलाच नाही. कार्डावर होतं, एखाद्या वयस्कर माणसाकडून तुम्ही काय शिकलात. तो बाहेर आल्यावर त्याने मला फोन केला. म्हणाला, “मॅडम, आठवडाभर नुसतं ऐकायला बसवलं होतं ना दादांनी, तेच सांगितलं. दोन मिनिटं झाली तेव्हा मी अजून विसर्जनापर्यंत पोचलोच नव्हतो.”